पोचवायला आलेली मंडळी

धाराशिवच्या रेल्वे स्थानकावर कमलताईंना पुण्याच्या गाडीत बसवून देण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. माणसे पोचवण्याचे आमच्या मंडळींचे नियम मीच केलेले असल्यामुळे ती दुसऱ्या कोणाकडे जाणे शक्यही नव्हते. त्या दुपारी काय घडले, याच्या निरनिराळ्या हकिकती गावात सांगितल्या जातात. मी तिथे होते, म्हणून मी ती नीट सांगणार आहे. परंतु शेवटी.

आधी आमच्या बाकाविषयी. चार निवृत्त माणसे रोज संध्याकाळी फलाटावरच्या एकाच बाकावर बसू लागली की किस्से साठतात. घरातली रद्दी निदान कोणीतरी येऊन घेऊन जातो. किश्शांना गिऱ्हाईक नसते, आणि ते फेकवतही नाहीत.

आम्ही चौघे असे. मी कन्याशाळेत मराठी शिकवत असे. गाव मला अजून ‘बाई’ म्हणते. नरहरीअण्णा कळंबच्या बाजारात आडत दुकान चालवत, आता मुलाच्या हाती देऊन इथे राहतात. शेख सर गणिताचे शिक्षक होते. आणि कमलताई. त्या मूळच्या ईटच्या. त्यांचे यजमान एसटीत चालक होते, ते गेले. ताई दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहतात. त्यांचा एकुलता मुलगा संतोष पुण्याला एका कंपनीत आहे.

संतोषची इच्छा होती की आईने कायमचे पुण्याला यावे. सून चांगली, नातवंडे गोड, इमारतीत लिफ्टची सोय. नकार देण्याजोगे एकही कारण कमलताईंकडे नव्हते. त्यामुळे त्या नकार देत नसत. “येते की, उन्हाळा सरू दे,” म्हणत. पावसाळ्यात “दिवाळी होऊ दे” म्हणत. दिवाळीनंतर संक्रांत असतेच.

ताई गेल्या तर बाकावर तिघेच उरणार, आणि फलाटावरच्या पाण्याचे काय होणार, ही आमची काळजी. पाण्याचे पुढे सांगते.

०

पूर्वी आमच्या गावाला रेल्वे नव्हती. अरुंद रुळांची छोटी गाडी येडशीवरून जात असे आणि आम्ही एसटीने येडशी गाठत असू. नवीन पिढीला हे सांगितले की ती सहानुभूतीने पाहते. सहानुभूतीची गरज नाही. आम्ही मजेत होतो.

त्या काळातला अण्णांचा किस्सा. त्यांच्या लग्नासाठी सोलापूरकडचे एक पाहुणे कळंबला निघाले. छोट्या गाडीच्या मार्गावर ‘कळंब रोड’ नावाचे स्थानक होते. पाहुणे निःशंकपणे तिथे उतरले. पाहतात तो चहूकडे ज्वारी. लांबवर एक माणूस बैल हाकत होता. पाहुण्यांनी त्याला विचारले, “कळंब कुठे आहे?”

तो म्हणाला, “पाटी वाचली न्हाय का? ह्यो कळंबचा रोड हाय. कळंब त्या रोडच्या दुसऱ्या टोकाला हाय.”

पाहुणे पोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. अण्णा सांगतात, “जेवायला मात्र येळंवर आले.”

०

मग मोठी गाडी आली आणि ती आमच्या गावावरून गेली. स्थानक गावापासून दूर, माळावर बांधले. सुरुवातीच्या दिवसांत गाडीत बसायला जेवढी माणसे येत, त्याहून जास्त ती पाहायला येत. बायकांनी इंजिनाला हळदकुंकू वाहिले. एका आजींनी चालकाचे औक्षण केले आणि त्याला विचारले, “बाळा, रोज येनार का, का आजच्या पुरतं?”

गावभर आनंद होता. कमलताईंना तो नव्हता. नवरा एसटीत; रेल्वे ही त्यांच्या दृष्टीने सवत. त्यांचे यजमान एकदाच फलाटावर आले, गाडी आली तशी गेली ती पाहिली, आणि म्हणाले, “वाटंत कुणी हात केला तर थांबत न्हाय, ती गाडी कसली?”

हे वाक्य ताई आम्हांला वरचेवर ऐकवतात. त्यांचे यजमान हात केल्यावर न थांबता कधी पुढे गेले नाहीत म्हणे. लोहाऱ्याच्या रस्त्यावर एकदा कोणी हात केला म्हणून त्यांनी गाडी थांबवली. तो माणूस म्हणाला, “बसायचं न्हाय. राम राम घालायचा व्हता.” यजमानांनी राम राम घातला आणि मग गाडी काढली.

०

स्थानकावर उतरणारे निम्मे प्रवासी तुळजापूरला देवीच्या दर्शनाला जाणारे असतात. त्यांना एसटी कुठे मिळते, जीप कुठे उभ्या राहतात, परत येताना कधी निघावे, हे सर्व शेख सर समजावून सांगतात. कोणी सांगितलेले काम नाही. फलाटावर कोणी गोंधळलेला दिसला की सरांना बाकावर बसवत नाही.

एकदा नागपूरकडच्या एका वृद्ध बाईंना त्यांनी इतक्या आत्मीयतेने मार्ग सांगितला की त्या त्यांच्या पायाच पडू लागल्या. “महाराज, आपण मंदिरातले पुजारी का?”

सर मागे सरकून म्हणाले, “नाही माँजी, मी गणिताचा. पण माझ्या तासालाही लोक देवाचंच नाव घ्यायचे.”

स्थानकाची पाटी बदलली, त्या सुमाराचा दुसरा प्रसंग. गाडी थांबली. खिडकीतून एका वृद्ध गृहस्थांनी घाबरून विचारले, “हे कोणतं स्टेशन?”

“धाराशिव,” सर म्हणाले.

“अरे देवा. मला उस्मानाबादला उतरायचं होतं. ते मागं गेलं का?”

“ते पण हेच. उतरा लवकर. गाडी दोघांसाठी मिळून एकदाच थांबते.”

०

काही वर्षांपूर्वी बिहारकडचे एक तरुण रेल्वे अधिकारी इथे बदलून आले. नाव घेत नाही. ते अजून नोकरीत आहेत. त्यांना मराठी शिकायची हौस होती. सायंकाळी काम नसले की ते बाकाजवळ येत. मी त्यांना शुद्ध मराठी शिकवू लागले. माझी पाठ वळली की अण्णा त्यांना आपली मराठी शिकवत. हे मला ठाऊक नव्हते.

एका सणाच्या गर्दीत फलाटाच्या अगदी कडेला माणसे उभी राहिली. अधिकारी स्वतः पुढे आले. माझ्याकडे एकदा पाहून त्यांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली, “प्रवासी बंधू-भगिनींनो, कृपया पिवळ्या रेषेच्या अलीकडे उभे राहावे.” प्रत्येक उच्चार निर्दोष. एकही माणूस हलला नाही.

त्यांनी श्वास घेतला आणि म्हणाले, “लई म्होरं जाऊ नगा, मरताल.”

सगळा फलाट दोन पावले मागे सरला. अण्णांनी माझ्याकडे पाहिले. मी पिवळ्या रेषेकडे पाहिले.

०

आमच्या प्रतीक्षालयात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली दुपारच्या वेळी अभ्यासाला येऊन बसत. तिथे पंखा असतो, गार पाणी असते आणि घरचे कोणी कामाला हाक मारत नाही. मी अधूनमधून जाऊन लक्ष ठेवत असे. अभ्यास होतो आहे की मोबाइल, हे पाठीमागून पाहिले तरी कळते.

एके दिवशी कोपऱ्यात एक गृहस्थ मोबाइलवर मोठ्याने बोलत होते. सुटाबुटातले, पन्नाशीचे. मी म्हणाले, “इथे अभ्यास चालू आहे. बोलायचे असेल तर बाहेर उभे राहा.” ते उठून बाहेर गेले. मी ते विसरले आणि मुलांना समास समजावू लागले.

बऱ्याच वेळाने दार थोडे उघडले. तेच गृहस्थ. हातात बॅग.

“बाई, माझी गाडी आली. जाऊ का?”

शेख सर तेव्हापासून मला विचारतात, “तुम्ही त्याला ‘जा’ म्हणालात की नाही? नाहीतर बिचारा अजून बाहेर उभा असेल.” मी ‘जा’ म्हणाले होते. पळू नको, असेही म्हणाले होते.

०

आता नियमांची गोष्ट. आमच्या भागात एक माणूस गावाला निघाला की त्याला पोचवायला दहा जण येतात. शेजारी, मामा, चुलते, मामांचे शेजारी. प्रत्येकाच्या हातात एक पिशवी, कारण मोकळ्या हाताने पोचवायला येणे बरे दिसत नाही. पोचवणाऱ्यांनी सामान आत नेऊन लावायचे आणि निघणाऱ्याने तेवढ्यात खाली सर्वांच्या पाया पडायचे, अशी पद्धत. एसटी असते तेव्हा ठीक असते. चालक आरशात पाहून, सगळ्यांचे पाया पडणे होईपर्यंत थांबतो. रेल्वेला तसा आरसा नाही.

अण्णांचा पुतण्या विनायक पुण्याला नोकरीवर रुजू व्हायला निघाला. अण्णा सर्व पिशव्या घेऊन डब्यात चढले. सामान बाकाखाली लावले, काही वर लावले, शेजारच्या प्रवाशांशी ओळख करून घेतली, त्यांचे गाव विचारले, त्या गावात आपले कोण आहे ते सांगितले, आणि “आमच्या पोराकडं ध्यान ठिवा” असे बजावले. खाली विनायक पाया पडत होता. पंगत लांब होती. तो आत्यांपर्यंत आला आणि गाडी हलली.

विनायक फलाटावर राहिला. अण्णा पुण्याच्या दिशेने निघाले.

थोड्या वेळाने तिकीट तपासनीस आले. “तिकीट?”

अण्णा म्हणाले, “तिकिटवाला खाली ऱ्हायला, साहेब.”

“मग तुम्ही कोण?”

“म्या त्याचं सामान हाय.”

तपासनीस इतके हसले की ते शेजारी बसले आणि त्यांनी पिशवीतला लाडू खाल्ला. अण्णा सगळ्या पिशव्यांसह बार्शीला उतरले आणि एसटीने परत आले. फलाटावर विनायक होता तिथेच होता. आत्यांनी त्याला हलू दिले नव्हते.

यानंतर मी नियम केले. पहिला, पाया पडणे गाडी येण्यापूर्वी संपवावे. दुसरा, प्रवाशाने आधी चढावे, सामानाने नंतर. तिसरा, सामान लावायला एकाच व्यक्तीने आत जावे, आणि ती व्यक्ती अण्णा असू नये. नियम सर्वांना तोंडपाठ करून घेतले. त्यानंतर आमच्या मंडळींनी पोचवलेला एकही माणूस फलाटावर राहिला नाही. या गोष्टीचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

०

आता कमलताई आणि पाणी.

उन्हाळ्यात गाड्यांना फार गर्दी असते. साध्या डब्यातल्या माणसाला आपली जागा सोडून नळापर्यंत जाण्याचा धीर होत नाही. जागा जाते किंवा गाडी जाते. तो खिडकीतून रिकामी बाटली बाहेर धरतो. फलाटावरच्या कोणीतरी ती घ्यायची, भरायची आणि त्याच हातात परत द्यायची. आमच्या बाकावर हे काम कमलताईंनी सुरू केले. रेल्वेशी सवतीचे नाते असलेल्या बाईंनी हे काम का घ्यावे, असे मी एकदा विचारले. त्या म्हणाल्या, “गाडी थांबती ती गाडीच्या मर्जीनं. हात केल्यावर थांबायला कुणी तरी नगं का?”

त्या सुरुवात करत, मग आम्ही सगळे लागत असू. शेख सर बाटली परत देताना प्रवाशाला पुढची स्थानके सांगतात. त्यामुळे त्यांच्या बाटल्या निम्म्याच होतात.

या वर्षी संतोष सांगून आला नाही. तिकिटे काढूनच आला. उन्हाळ्याची जादा गाडी होती, दुपारची. रविवारी निघायचे. ताईंनी भांडी बांधली, तुळस शेजारी दिली, सगळ्यांकडे जाऊन आल्या. संक्रांत बरीच मागे पडली होती आणि दिवाळी फार पुढे होती.

शनिवारी संध्याकाळी आम्ही चौघे बाकावर बसलो होतो. अण्णांनी शेंगा आणल्या होत्या, त्या कोणी सोलत नव्हते.

शेख सर म्हणाले, “ताई, पुण्यात पण स्टेशन आहे. मोठं आहे. फलाट पण खूप.”

“व्हय,” ताई म्हणाल्या. “वळखीचं कोन हाय तिथं?”

मग त्या माझ्याकडे वळल्या. “बाई, तुमच्या नियमात येक इचारायचं व्हतं. परवाशानं आधी चढायचं. बरुबर. मग येकदा चढलेल्या मानसानं उतरायचं न्हाय, असा काही नियम हाय का?”

मी म्हणाले, “नाही. त्याची गरजच काय? चढलेला माणूस कशाला उतरेल?”

“बरं,” ताई म्हणाल्या, आणि शेंगा सोलू लागल्या.

रविवारी आम्ही गाडीच्या पुष्कळ आधी स्थानकावर पोचलो. मंडळी बरीच जमली होती. आळीतल्या सगळ्या बायका, ईटहून आलेले दोन भाऊ, त्यांच्या बायका. मी ओळ लावली. ताई वडीलधाऱ्यांच्या पाया पडल्या, धाकटे ताईंच्या पाया पडले, आणि हे सर्व गाडी दिसण्यापूर्वी संपले. अण्णांना मी बाकावर बसवून ठेवले होते. त्यांनी तक्रार केली नाही. ते डोळे पुसत होते आणि उन्हाला दोष देत होते.

गाडी आली. ताई आधी चढल्या. मग सामान गेले. ते लावायला संतोष एकटाच आत गेला. ताई खिडकीजवळ बसल्या. मी खिडकीपाशी उभी राहिले आणि म्हणाले, “पोचल्यावर फोन करा.” त्या म्हणाल्या, “व्हय.” नियमाप्रमाणे सर्व यथासांग पार पडले होते. माझ्या आयुष्यात इतकी व्यवस्थित पोचवणी झाली नव्हती, आणि इतकी नकोशीही.

तेवढ्यात पुढच्या साध्या डब्याच्या खिडकीतून एक हात बाहेर आला. हातात रिकामी बाटली. आम्ही सगळे ताईंच्या खिडकीपाशी होतो; पाण्याकडे त्या दिवशी कोणाचेच लक्ष नव्हते. हात हलत राहिला.

संतोष वरच्या फळीवर शेवटची पिशवी ढकलत होता. मी एक क्षण त्या हाताकडे पाहिले, आणि पुन्हा वळले तेव्हा खिडकीत ताई नव्हत्या. त्या दारातून उतरत होत्या. पदर खोचलेला. त्यांनी पुढे जाऊन बाटली घेतली, नळाखाली धरली, काठोकाठ भरली, झाकण घट्ट लावले. ताईंनी कधी कोणाला अर्धी बाटली दिलेली नाही. शिट्टी झाली. गाडी हलली. चालत्या गाडीबरोबर चार पावले जाऊन त्यांनी बाटली त्या हातात दिली, आणि थांबल्या.

संतोष दारात आला. “आई!” एवढेच तो म्हणाला. शेख सरांनी त्याला ओरडून सांगितले, “उतरू नकोस, बेटा. पुढचं स्टेशन बार्शी.”

गाडी गेली. अण्णा बाकावरून उठून आले आणि त्यांनी मोबाइलवर संतोषला फोन लावला. “घाबरू नगंस. टीशीनं इचारलं तर तुझं तिकीट हाय. आनि हे बघ, आईचं सामान म्हनून आता तूच हायेस.”

मी ताईंना विचारले, “हे काय केलेत?”

“हात केला व्हता कुनी तरी,” त्या म्हणाल्या. पदर सोडताना कमरेला घराची चावी दिसली. ती शेजारणीकडे ठेवायला सकाळीच देणार होत्या.

संतोष सामानासह बार्शीला उतरला आणि एसटीने अंधार पडायच्या आत परत आला. चिडला असेल असे मला वाटले होते. तो बाकावर येऊन बसला, अण्णांच्या शेंगा घेतल्या, आणि बऱ्याच वेळाने स्वतःशीच हसला. “बार्शीपर्यंत डब्यात सगळे मला विचारत होते, आई कुठं हाय? म्या म्हनलं, पानी द्यायला उतरली. कुनाला नवल वाटलं न्हाय.”

मग तिथेच ठरले. ताई धाराशिवलाच राहतील. थंडीचे दिवस त्या पुण्याला काढतील, आणि उन्हाळा लागण्यापूर्वी संतोष त्यांना परत आणून सोडेल. संतोषने हे मान्य केले. सुनेने फोनवर मान्य केले आणि नातवंडांना सुट्टीत इकडे पाठवते म्हणाली. ईटच्या दोन्ही भावांनी मान्य केले. शेख सरांनी मान दोनदा हलवली, म्हणजे त्यांचीही संमती आली.

अण्णांनी एक दुरुस्ती सुचवली: “येकदा चढलेल्या परवाशानं उतरू नये, असा चौथा नियम करा, बाई.” मी तो मताला टाकला. कोणीही हात वर केला नाही. सुचवणाऱ्या अण्णांनीही नाही. मीही नाही.

कमलताईंचे मत घ्यायचे राहिले. लातूरकडे जाणारी गाडी लागली होती, आणि त्या नळावर होत्या.